मेणबंद डबा

डब्याच्या झाकणाभोवतीच्या मेणाचा रंग एका कोपऱ्यात बदलला होता. बाकी सगळीकडे ते धुरकट पांढरं होतं, त्या कोपऱ्यात मात्र नखाएवढ्या जागेत तांबूस झालं होतं. सुलाबाईंनी डबा खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. डाग मेणाच्या वर नव्हता, खाली होता. पत्रा आतून गंजला होता आणि गंज मेणात झिरपत बाहेर येत होता.

मग त्यांनी डबा नाकाशी नेला. आंबूस वास आला.

हा वास त्यांना नवा नव्हता. स्टुडिओच्या मागच्या खोलीत तो वर्षानुवर्षं मुरलेला होता. फिल्म डेव्हलपरमधून काढली की ॲसिटिक ॲसिडच्या पाण्यात बुडवायची, त्या पाण्याचा हा वास. भिंतींना, साडीला, केसांना तो लागलेला असे. गिऱ्हाइकं नाक मुरडत, घरातल्यांना तो जाणवतही नसे. पण नवऱ्याचा, सावळीरामांचा, खोकला वाढल्यापासून डार्करूम बंद होती. ट्रे धुऊन पालथे घातले होते, बाटल्यांना घट्ट बुचं होती. आज या खोलीत हा वास यायचं काही कारण नव्हतं.

"म्हणजे केव्हापासून येत असेल कोण जाणे," सुलाबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी डबा टेबलावर ठेवून दिला.

जानेवारीच्या कोरड्या थंडीत सगळ्या निगेटिव्ह उतरवून बघायच्या, हा या स्टुडिओचा रिवाज होता. देवळालीगावात सावळीरामांनी दुकान टाकलं तेव्हापासूनचा. लाकडी मांडणीत कागदी पाकिटं उभी लावलेली असत, प्रत्येकावर नाव आणि साल. प्लॅस्टिक नाही, डांबरगोळी नाही, लोखंडी पेटी नाही. कागदातून फिल्मला हवा मिळते. एकेक पट्टी कडेला धरून काढायची. जी बाजू चकाकत नाही तिला बोट लावायचं नाही, कारण चित्र त्या बाजूला असतं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडून वारा सुटला की बारीक राख फटीफटीतून आत येई, ती मऊ ब्रशने झटकायची, पदराने पुसायची नाही. सुलाबाई हे सगळं लग्नानंतर शिकल्या आणि नवऱ्यापेक्षा काटेकोरपणे पाळत आल्या. वीस वर्षांपूर्वीची लग्नं त्यांच्या पाकिटांतून आजही स्वच्छ निघत. नवरा-नवरीचं एकमेकांशी पटेनासं झालेलं असलं तरी.

हा डबा मात्र कधी उघडला नव्हता. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यापासून, चौदा वर्षं, तो माळ्यावर, छपराच्या पत्र्याच्या अगदी खाली होता.

त्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी गौतमी उलट्या-जुलाबांनी गेली. सहा वर्षांची होती. दुष्काळ होता, नळाला पाणी येई तेही गढूळ. फोटोग्राफरची मुलगी, पण तिचा एकही फोटो नव्हता. रोल गिऱ्हाइकांसाठी असे. शेवटचा एखादा फोटो उरला तर तो तुझा, असं सावळीराम तिला सांगत. ती फ्रॉक बदलून, वेणी घालून पायरीवर बसून राही, आणि त्या उरलेल्या फोटोसाठी नेमका कुणीतरी नोकरीच्या अर्जाला फोटो हवा म्हणून येई. तिचा एकमेव फोटो निघाला तो ती गेल्यावर. अंगणात बाजेवर निजवलेली असताना, डोळे मिटलेले. सुलाबाईंना तेव्हा शेजारणींनी आत धरून ठेवलं होतं.

संध्याकाळी सावळीरामांनी फिल्म धुवायला घेतली. फिल्मला लागलेलं औषध निघून जायला भरपूर वाहतं पाणी लागतं. घरात पाणी होतं ते एका पातेल्यात, गौतमीसाठी उकळून झाकून ठेवलेलं. त्यांनी तेच घेतलं.

सुलाबाईंनी पट्टी ओली असतानाच पाहिली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं तसा काळा चेहरा आणि म्हातारीसारखे पांढरे केस. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"छापू नका," त्या म्हणाल्या. "मी सांगेन तेव्हा छापा."

"बरं," सावळीराम म्हणाले.

पट्टी पुरती वाळली की नाही, कुणी पाहिलं नाही. सावळीरामांनी ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, बिस्किटांच्या डब्यात घातली, दोन डांबरगोळ्या टाकल्या, आणि मेणबत्ती वितळवून झाकणाभोवती मेण ओतलं. राख जायला नको, वाळवी लागायला नको, बुरशी धरायला नको. दुसऱ्या कुणाच्या फिल्मसाठी त्यांनी असलं काही केलं नसतं.

"तू म्हनशील तवाच उघडायचा," ते म्हणाले होते.

पुढे काही वर्षं, जानेवारी आला की ते विचारत, "छापू का गं?" सुलाबाई म्हणत, "बघू." मग त्यांनी विचारणं सोडलं. मांडणीच्या वरच्या कप्प्यातली पाकिटं शिडीवरून उतरवताना नुसते माळ्यावरच्या डब्याकडे बघत. आता तर त्यांना शिडीही चढवत नव्हती; यंदा सगळं उतरवताना डबाही सुलाबाईंनीच खाली आणला होता.

"फोटोवालं हायत का?"

सुलाबाईंनी वळून पाहिलं. दारात एक बाई उभी होती. तिच्यामागे खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस.

"आहेत, पण आजारी आहेत. बसा. कुठून आलात?"

"पेठहून. तिच्याबी पलीकडून," बाई म्हणाली. तिचं नाव भागीबाई. सोबतचा तिचा दीर, बारकू. भागीबाईचा नवरा बुधा इकडे द्राक्षांच्या बागेत मजुरीला आला होता. फवारणीचं औषध अंगात भिनलं आणि तो गेला. गावी नेल्यावर पेठच्या फोटोवाल्याने मयताचा एक फोटो काढला. तो मोठा करून द्यायची त्याची सोय नव्हती, म्हणून त्याने निगेटिव्ह देऊन टाकली होती.

बारकूने खिशातून रुमाल काढला, रुमालातून कागदाची पुडी, पुडीतून निगेटिव्ह. तिची घडी घातलेली होती.

सुलाबाईंनी क्षणभर डोळे मिटून घेतले. "अहो, घडी घातलीत?"

"खिशात मावंना. नोटंची घालतो तशीच घातली. नोट चालते की बाई."

"नोट चालते. ही नाही चालत."

"मंग आता काय झालं?"

सुलाबाईंनी निगेटिव्ह कडेला धरून उजेडात पाहिली. "छातीवरून रेघ गेलीय. ती मी बुजवीन. चेहरा वाचला, नशीब त्यांचं."

"मेल्यावं उघडलं म्हना नशीब," बारकू म्हणाला. भागीबाई हसली नाही, पण तिने पदर तोंडाला लावला.

"हितं डोळं उघडून मिळत्यात म्हनं," ती म्हणाली.

हे काम सुलाबाईंचंच होतं. ज्यांचा जिवंतपणी फोटो निघालेला नसे, त्यांचे लोक मयताचा फोटो घेऊन येत. सावळीराम तो मोठा करत आणि मिटलेल्या पापण्यांवर सुलाबाई बारीक ब्रशने उघडे डोळे रंगवत. मालेगावपासून लोक येत. भिंतीवर लावायला माणूस बघता दिसावा, अशी सगळ्यांची इच्छा असे.

"मिळतात. पण आधी सांगा, डोळे कसे होते त्यांचे?"

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत आणि उत्तर बहुतेक एकच येई. मोठे होते, पाणीदार होते. एवढ्या वर्षांत सुलाबाईंनी लहान डोळ्यांचं मयत ऐकलं नव्हतं. मग त्या भावाकडे नाहीतर मुलाकडे निरखून बघत आणि तिथून डोळे घेत. तेही नसलं, तर हाताला जे डोळे वळणी पडले होते ते काढत. लोक फोटो बघून रडत आणि म्हणत, अगदी तेच.

भागीबाई विचार करत होती. "एक बारीक होता," ती म्हणाली. "ह्यो, डावा. हसला का मिटूनच जाय."

"वहिनी, आता तरी दोन्ही सारखं करून घे," बारकू म्हणाला. "भितीवं बरा दिसंल."

"बरा दिसंल, पन बुधा नाय दिसायचा. तुझं सारखं हायत ना? मंग तुलाच लावते भितीवं."

"माझा हार तेवढा झेंडूचा घाल."

"तुला कांद्याच्या पातीचा," भागीबाई म्हणाली.

सुलाबाईंनी पाकिटावर नाव घातलं, निगेटिव्ह सपाट करून आत सरकवली. बारकू नाक वर करून खोलीत इकडेतिकडे बघत होता.

"बाई, मोहाचं आंबवलंय का कुठं? अस्साच वास मारतो. पोलीस यायचं तुमच्याकडं."

"फोटोच्या औषधाचा आहे," सुलाबाई म्हणाल्या. टेबलावरच्या डब्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला ते चांगले लक्षात आहेत? डोळे?"

"आजून तरी हायत," भागीबाई म्हणाली. "म्हनून तर दिवस घालून लगेच आले बाई. घरची म्हनत होती, सवडीनं जा. सवडीनं ध्यानात राहतंय का, कोन सांगावं."

ती दोघं बस गाठायला निघून गेली. मग सुलाबाईंनी मांडणीतली पाकिटं एकेक करून डब्यापासून लांब, पुढच्या खोलीत नेऊन ठेवली. ॲसिडची वाफ कागद अडवत नाही. एक फिल्म सडायला लागली की ती शेजारच्या फिल्मला सडवते, हे त्यांना माहीत होतं.

स्टुडिओच्या मागे दोन खोल्यांचं घर होतं. सावळीराम कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली औषधाच्या बाटल्या होत्या. डेव्हलपरने तपकिरी झालेली त्यांची नखं पांघरुणावर उठून दिसत होती.

"कोन आलं होतं?" त्यांनी विचारलं.

"पेठचे लोक. मयताचा फोटो मोठा करायचाय."

"करू की. परवापासून उभा राहतो."

"अहो," सुलाबाई म्हणाल्या. "तो डबा गंजलाय. आतून."

सावळीरामांनी पांघरूण बाजूला केलं. खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी दाबली. मग पाय खाली सोडले आणि भिंतीला धरून उठले.

"वास येतो?"

"येतो."

"मला वाटायचं, ट्रेचा येतोय," ते म्हणाले. "दरसाली वाटायचं."

स्टुडिओत येऊन ते टेबलापाशी बसले. डब्यावर हात ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. "उघडू? तू म्हनली नाय आजून."

"उघडा. छापायचं मी म्हटलेलं नाही. नुसता उघडा."

त्यांनी मेणात सुरीचं टोक फिरवलं. झाकण निघालं तसा वास एकदम खोलीभर झाला आणि सावळीरामांना खोकला आवरेना. सुलाबाईंनी खिडकी सताड उघडली. डब्याच्या तळाशी गंजाचं तांबूस पाणी होऊन सुकलं होतं. प्लॅस्टिक चिकट झालं होतं आणि फिल्मला धरून बसलं होतं. सुलाबाईंनी ते कात्रीने कापत कापत सोडवलं, ओढलं नाही.

पट्टी आत वळून शेंगेसारखी झाली होती. फिल्म आक्रसली होती, वरचा चित्राचा थर आक्रसला नव्हता, त्यामुळे तो जागोजागी उचलून पन्हळीसारख्या नाळी पडल्या होत्या. अर्धवट धुतलेल्या औषधाचे पिवळे डाग होते. पहिल्या फोटोतला मनुष्य, कुणा कंपनीत अर्ज करणारा, गळ्यापासून वर उरलाच नव्हता. दुसऱ्यात एक बारसं होतं, त्यातलं पाळण्याचं बाळ तेवढं दिसत होतं. शेवटच्या फोटोत बाज होती. बाजेच्या दोन्ही कडांवर नाळी पडल्या होत्या. मधे, अजून पोहोचल्या नव्हत्या तिथे, तो काळा चेहरा होता.

"हाय," सावळीराम पुटपुटले. "हाय आजून."

सुलाबाईंनी भिंग लावलं. चेहरा होता. गालाच्या बाजूने एक बारीक सुरकुती यायला लागली होती.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"पावसाळा नाय निघायचा." ते भिंग न घेताच वाकून बघत होते. "मीच केलं हे. जगाला सांगतो, फिल्मला हवा लागू द्या, हवा लागू द्या. आन् हिला मेन ओतून कोंडली. आम्ल होतं ते आतल्या आत फिरत बसलं. पत्र्याखाली तापत बसलं." त्यांनी तळव्याने तोंड पुसलं. "बाकी सगळी जगली. जिला जीवापाड जपली ती..."

सुलाबाईंनी त्यांना असं नाही, तसं नाही, म्हटलं नाही. हे खरंच होतं.

"एन्लार्जरमधे घालून मोठा करता येईल?"

"सरळच नाय राहायची. पान्यात मऊ केली तर थर सुटून जाईल, साय निघावी तसा." सावळीराम आता कामाचं बोलत होते आणि त्यांचा आवाज थोडा स्थिर झाला होता. "एकच होईल. कागदावं ठेवून वरून काच दाबायची आन् उजेड द्यायचा. दाबली की तडकनार ती. पन तडकता तडकता एक फोटो देईल. तेवढाच. हा एवढा." त्यांनी बोटांनी दाखवलं, तळहाताच्याही निम्मा. "त्याच्यानंतर फिल्म नाय राहायची. चूर होईल."

"आणि नाही दाबली तर?"

"तर आपोआप होईल. उशिरा. फोटोबी नाय आन् हीबी नाय."

रस्त्यावरून कामगारांच्या सायकली चालल्या होत्या. पहिल्या पाळीची सुट्टी झाली होती. कुणीतरी दुकानात डोकावून "जयभीम, मास्तर! बरं हाय का?" असं विचारून गेलं. सावळीरामांनी नुसता हात वर केला.

"त्या एवढ्याशा फोटोवरून पुन्हा कॅमेऱ्यानं कॉपी घेऊ," ते हळूच म्हणाले. "मोठा करू. मंग तू डोळं उघड तिचं." ते बायकोकडे बघत नव्हते. "इतक्या लोकांचं उघडलं. मला वाटायचं, एक दिवस तू म्हनशील. म्हनून थांबलो. तुझ्याबिगर कोन उघडनार?"

सुलाबाईंनी भिंग खाली ठेवलं. हे वाक्य त्यांना कितीतरी वर्षं माहीत होतं. तो डबा उघडला की त्याच्याबरोबर हे बाहेर येणार, हे त्यांना पहिल्या दिवशी ठाऊक नव्हतं, पण पुढे कधीतरी कळलं होतं. बहुधा तेव्हा, जेव्हा एका बाईसाठी तिच्या मुलाचे डोळे रंगवताना त्यांनी आपल्या मुलीचे डोळे आठवून बघितले होते. वेणी आठवली होती. फ्रॉकची उसवलेली शिवण आठवली होती. पायरीवर बसून गुडघे खाजवण्याची सवय आठवली होती. डोळ्यांच्या जागी मात्र त्यांनीच काढलेले डोळे येत होते. मालेगावच्या विणकराचे, सिन्नरच्या कुण्या सासूचे. एकाच्या जागी दुसरे, सगळे मोठे, सगळे पाणीदार. त्या दिवसापासून, डबा खाली येऊ नये म्हणून, त्यांनी जानेवारीत माळ्याकडे नवऱ्याला एकट्याला जाऊ दिलं नव्हतं.

"मला आठवत नाहीत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तिचे डोळे. मला आठवत नाहीत कसे होते."

सावळीराम त्यांच्याकडे बघत राहिले. खोकला आला, गेला. टेबलाच्या कडेवरून त्यांचं तपकिरी नख पुढे-मागे फिरत होतं.

"मोठं होतं," ते शेवटी म्हणाले. "पानीदार."

सुलाबाई ऐकत होत्या. आणखी काहीतरी येईल म्हणून थांबल्या होत्या. सावळीरामही थांबले होते, भिंतीकडे बघत, कपाळाला आठ्या घालून. मग त्यांच्या आठ्या हळूहळू सुटल्या आणि त्यांनी मान खाली घातली.

"तुम्हालाही नाही," सुलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

त्या उठल्या. पालथे घातलेले ट्रे त्यांनी उताणे करून ओळीने मांडले. कपाटातून काच काढली, उजेडात धरून तिच्यावरची राख मऊ ब्रशने झटकली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. फोटोच्या कागदाचं बंद पाकीट नवऱ्याच्या हाताशी ठेवलं. सावळीराम हे सगळं बघत होते, पण हात लावत नव्हते. तू म्हणशील तेव्हाच, हा त्यांनी दिलेला शब्द होता आणि तो ते अजून पाळत होते.

सुलाबाईंनी पट्टी दोन्ही कडांना धरून, बोट आत लागणार नाही अशी उचलली, नवऱ्याच्या पसरलेल्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या,

"छापा. डोळे मी उघडणार नाही. मिटलेले आहेत, मिटलेलेच राहू द्या."